काळा दगड आणि पांढरें धोतर

गेल्या दिवाळींत मुलानें एक कॅमेरा घेऊन दिला आणि पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें नव्यानें धुळाक्षरें गिरवावीं तसा प्रकार आमच्या घरीं सुरू झाला. कॅमेऱ्याच्या अंगावर एक फिरती चकती असते व तीवर हिरव्या रंगाची एक खूण असते. ती खूण समोर आणून ठेवली, कीं पुढचें सर्व कॅमेराच पाहून घेतो. पहिले सहा महिने मी त्या हिरव्या खुणेच्या आश्रयानें सुखानें नांदलों. वैशाखांत मात्र ही सुखाची झोंप मोडली.

परभणीहून जिंतूरच्या पुढें गेलें म्हणजे चारठाणा हें गांव लागतें. काळ्या दगडाचीं जुनीं देवळें, कोरीव खांब आणि पायऱ्यापायऱ्यांनीं खोल उतरत गेलेली पुष्करणी, असा तेथील ठेवा आहे. आमचे मामा आतां ब्याऐंशी वर्षांचे. तें सर्व पुन्हां एकदां डोळ्यांनीं पाहावें असें त्यांच्या मनांत होतें, म्हणून घरचीं पांचसात माणसें मोटारीनें निघालों. दशम्या होईपर्यंत उशीर झाला, आणि देवळापाशीं पोहोंचलों तेव्हां बारा वाजत आले होते. मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. अंगांत सदरा, खालीं पांढरें शुभ्र धोतर. मीं चाप दाबला.

घरीं येऊन चित्र मोठें करून पाहिलें. काळाभोर दगड राखेसारखा फिकट झालेला, धोतराच्या जागीं निरीचा मागमूसहि नसलेला एक पांढरा डाग, आणि डोळ्यांच्या जागीं दोन काळे खळगे! मामांनीं चष्मा पुसून तें पाहिलें व म्हणाले, "अरे, हा फोटो पुढें भिंतीवर लागायचा आहे. हा मीच आहें, एवढें तरी सुनांना ओळखूं येऊं दे." बोलणें थट्टेचें होतें. पण आमच्या आजीचा एकुलता एक फोटो घरांत आहे आणि ऐन वेळीं ती हालल्यामुळें त्यांत तिचें तोंड पुसट आलें आहे. ती दिसावयास कशी होती हें सांगूं शकणारे आतां एकटे मामाच उरले आहेत. ती थट्टा मनाला लागून राहिली.

दोष कॅमेऱ्याचा म्हणावा, तर तो आपल्या परीनें प्रामाणिक असतो. त्याच्या पोटांतील प्रकाशमापकाला समोर दगड आहे कीं धोतर आहे हें कळत नाहीं. समोरून येणाऱ्या उजेडाचें मान तो काढतो, आणि चित्र एकंदरींत मध्यम करड्या छटेचें उतरावें असा हिशेब मांडतो. बहुतेक देखावे गोळाबेरजेनें मध्यमच असतात, त्यामुळें हा हिशेब सहसा जुळतो. पण चौकटीचा बराचसा भाग काळ्या दगडानें व्यापला, कीं येथें अंधार आहे असें समजून तो उजेड अधिक घेतो. मग दगड करडा होतो आणि मुळांतच पांढरें असलेलें धोतर पार धुऊन निघतें. उलट आपल्याकडे जिनिंगच्या आवारांत पडलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो घ्यावा, तर तो मळकट दिसतो. तात्पर्य, काळ्या वस्तूसाठीं उजेड कमी करावयाचा आणि पांढऱ्या वस्तूसाठीं वाढवावयाचा! हें ऐकावयास उफराटें वाटतें; मला तें पचावयास आठ दिवस लागले. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेली कळ असते. ती उणे एकवर आणली, कीं उजेड निम्मा होतो. ज्यांच्यापाशीं केवळ मोबाईल आहे त्यांनीं पडद्यावर धोतराच्या जागीं बोट टेंकवावें. बहुतेक मोबाईलांत तेथें सूर्याचें चिन्ह उमटतें. तें खालीं ओढलें म्हणजे तेंच कार्य साधतें.

उजेड कमीजास्त करण्याच्या वाटा तीन. नळ किती उघडावयाचा, किती वेळ उघडा ठेवावयाचा आणि भांडें केवढें घ्यावयाचें, हें ज्या गृहिणीला कळतें तिला त्या समजावून सांगण्याची गरज नाहीं. भिंगाच्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. त्याचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आंकडा मोठा तितकें छिद्र लहान, आणि दर पायरीस उजेड निम्मा. छिद्र लहान केल्यानें जवळचा खांब व दूरचें शिखर दोन्हीं रेखीव येतात. झडप किती वेळ उघडी राहावी तें शटरच्या आंकड्यानें ठरतें. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता. ती फार वाढविली तर चित्र रवाळ होतें, म्हणून तिचा आश्रय शेवटीं घ्यावा.

फिल्मच्या काळांतील लोक प्रकाशमापकावांचूनहि काम चालवीत. त्यांचा एक आडाखा मला फार आवडला. स्वच्छ उन्हांत ॲपर्चर १६ वर ठेवावें आणि शटर आयएसओच्या आंकड्याप्रमाणें, म्हणजे आयएसओ १०० असल्यास सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकें, ठेवावें. ॲपर्चर ८ हवें असेल तर शटर चारशेंवर न्यावें; उजेड तितकाच पडतो. या आडाख्याची खुबी अशी, कीं तो उन्हाकडे पाहतो, वस्तूकडे पाहत नाहीं. त्यामुळें दगड काळा राहतो आणि धोतराच्या निऱ्याहि दिसतात.

एवढें साधलें, तरी डोळ्यांचे खळगे कांहीं जाईनात. मामांना अंगणांत उभें करून मीं पुन्हां दहा फोटो घेतले, मामींचीं बोलणीं खाल्लीं, आणि मग उमगलें, कीं हें दुखणें आंकड्यांचें नव्हेच. परभणी एकोणीस अक्षांशांच्या किंचित् वर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य येथें भर दुपारीं अगदीं माथ्यावर येतो. त्या उन्हांत भुंवयांची सांवली डोळ्यांत पडते, आणि सरळ भिंतीवरील कोरीव काम सपाट तरी दिसतें किंवा काळवंडून तरी जातें. नक्षीला तिरपें ऊन हवें. देवळाच्या उत्तरेकडील भिंतीला तर थंडीच्या दिवसांत ऊन शिवतच नाहीं. उन्हाळ्यांत सूर्य ईशान्येकडे सरकून उगवूं लागला म्हणजे सकाळचा थोडा वेळ तें भिंतीला घासून जातें, आणि तेवढ्यांत काय तें साधून घ्यावयाचें. देवळांतील खांबांसाठीं फ्लॅश मात्र उडवूं नये. त्यानें सारी खोली नाहींशी होते. कॅमेरा दगडावर टेंकवून शटर एकदोन सेकंद उघडें ठेवावें; दारांतून येणारा उजेडच खांबाला गोलाई देतो.

या आंधळ्या उन्हाला आवर घालण्याची विद्या जुनी आहे. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली व तींत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होता, तेथें सहाव्या निजामाच्या पदरीं राजा दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते (जन्म १८४४, मृत्यु १९०५). पडद्यांतील स्त्रियांसाठीं त्यांनीं हैदराबादेस १८९२ च्या सुमारास वेगळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हातीं सोंपविला होता, ही गोष्ट आमच्या भगिनींना गमतीची वाटेल. विजेचे दिवे येण्यापूर्वीं चांगल्या स्टुडिओंना उत्तरेकडून कांचा बसवीत आणि उजेड पडद्यांनीं कमीजास्त करीत. उत्तरेकडून ऊन आंत येत नाहीं, येतो तो आकाशाचा शांत उजेड. (वर सांगितलेल्या दिवसांच्या दरम्यान दुपारीं आपल्याकडे हा नियम जरा मोडतो, तेवढें ध्यानांत ठेवावें.)

आमच्या माजघराला उत्तरेकडे एक जुनी खिडकी आहे. श्रावणांतील एके दिवशीं सकाळीं मामांना तिच्याजवळ खुर्चीवर बाजूनें बसविलें. एक गाल सुरेख उजळला, दुसरा मात्र अंधारांत राहिला. मी आयएसओ चढवावा या विचारांत असतां मामींनीं दोरीवरचें वाळलेलें धोतर ओढून घेतलें आणि अंधाऱ्या बाजूला हातभर अंतरावर धरलें. "यानें कांहीं होतें का बघ," म्हणाल्या. खिडकीचा उजेड त्या धोतरावरून परतून दुसऱ्या गालावर आला. आयएसओ ४००, ॲपर्चर ४, शटर सेकंदाचा साठावा भाग. खिडकीकडच्या डोळ्यावर नेम धरून मीं चाप दाबला.

मामांनीं तें चित्र बराच वेळ पाहिलें. उजव्या भुंवईवर त्यांना लहानपणची एक खोक आहे. तीवरून त्यांनीं बोट फिरविलें. "हळद दाबून आईनें बरी केली होती ही," एवढेंच ते म्हणाले, आणि मग लेकीकडे पुण्यास पाठविण्यासाठीं आणखी एक प्रत मागितली.

चारठाण्याची उत्तरेकडील भिंत अद्यापि राहिली आहे. येत्या ज्येष्ठांत पहांटेसच निघावयाचें ठरलें असून दशम्या आदल्या रात्रीं करून ठेवण्याचें मामींनीं कबूल केलें आहे.