पहिल्या वक्तृत्व स्पर्धेला जाताना...

भिवापूर : स्वातंत्र्यदिनाचे ध्वजारोहण आटोपले की शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची पत्रके झळकू लागतात. गणेशोत्सव, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन अशी निमित्ते बदलत हा हंगाम २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत चालतो. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावातून शहरातील सभागृहात प्रथमच उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला विषयापेक्षा अनोळखी वातावरणाचेच दडपण अधिक असते. स्पर्धेच्या दिवशी नेमके काय घडते, याची कल्पना आधीच असेल तर हे दडपण बरेच हलके होते.

दोन स्पर्धा, दोन रीती

वक्तृत्व स्पर्धेत एकच वक्ता दिलेल्या विषयावर आपले विवेचन मांडतो. वादविवादात एका संस्थेचे दोन विद्यार्थी असतात. एक विषयाच्या अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. एकाच शाळेची दोन मुले परस्परविरोधी बोलताना पाहून नवख्या पालकांना नवल वाटते. परंतु बहुतेक ठिकाणी सांघिक फिरता करंडक दोघांच्या गुणांची बेरीज करूनच दिला जातो. आपल्याला न पटणारी बाजू वाट्याला आली तरी ती तितक्याच निष्ठेने मांडावी लागते. उत्स्फूर्त वक्तृत्वात चिठ्ठी उचलून विषय मिळतो आणि विचाराला अवघी काही मिनिटे असतात.

महाविद्यालयीन पातळीवर भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवाचे नियम ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. तेथे प्रत्येक वक्त्याला कमाल पाच मिनिटे मिळतात, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि वादविवादात कागद पाहून वाचण्यास मनाई असते. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असते. मराठी स्पर्धा गाजवलेल्या विद्यार्थ्याने ही बाब वेळीच लक्षात घ्यायला हवी. इंग्रजीतील ब्रिटिश संसदीय पद्धत याहून वेगळी आहे. तीत दोन-दोन वक्त्यांचे चार संघ असतात, तयारीला सुमारे पंधरा मिनिटे मिळतात आणि भाषण सुरू असतानाच प्रतिस्पर्धी उठून मुद्दा विचारू शकतो.

नोंदणीपासून घंटेपर्यंत

सकाळी पोहोचल्यावर पहिले काम नोंदणीचे. मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचे पत्र आणि ओळखपत्र सोबत असावे. अनेक ठिकाणी परीक्षकांना संस्थेचे नाव कळू नये म्हणून स्पर्धकाला क्रमांक दिला जातो. अशा वेळी भाषणात शाळेचा उल्लेख केल्यास गुण जाऊ शकतात. क्रमांक उशिराचा निघाला तर दुपारपर्यंत थांबावे लागते. बाहेरगावच्या स्पर्धकाने डबा, पाणी आणि परतीच्या बसची वेळ यांची सोय आधीच केलेली बरी.

व्यासपीठावर गेल्यावर ध्वनिक्षेपकाची उंची जुळवून घेण्यासाठी क्षणभर थांबण्यात काहीच गैर नाही. वेळ संपत आल्याची सूचना देणारी पहिली घंटा वाजली की नवखा वक्ता गडबडतो आणि उरलेले सारे मुद्दे घाईने सांगू लागतो. घंटा झाली की नवा मुद्दा न घेता समारोपाकडे वळावे. त्यासाठी शेवटची दोन वाक्ये पक्की ठरलेली असावीत.

गुणांची विभागणी आयोजकांगणिक बदलते. तथापि विषयाची मांडणी, युक्तिवाद, भाषा, सादरीकरण आणि वेळेचे भान हे निकष बहुधा असतातच. वादविवादात त्यांच्या जोडीला खंडन येते. आधीच्या वक्त्यांचे मुद्दे कागदावर टिपून घेऊन त्यांतील एखाद्याला नेमके उत्तर देणारा स्पर्धक परीक्षकांच्या नजरेत भरतो. घरून पाठ करून आणलेले भाषण येथे अपुरे पडते.

पाठांतर आणि बोली

एकाच विषयावर तीस-चाळीस भाषणे ऐकताना परीक्षकांच्या कानी तीच सुभाषिते आणि त्याच कवितांच्या ओळी वारंवार पडतात. तालुक्यातील विद्यार्थ्यांपाशी याला उत्तर आहे. ‘मोठी धरणे विकासाला पूरक आहेत’ असा विषय असेल, तर १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे लाभ आणि विस्थापन ही दोन्ही अंगे भिवापूर परिसराला जवळून ठाऊक आहेत. प्रकल्पबाधित गावांत या तालुक्यातील गावेही आहेत. शेतमालाच्या बाजारपेठेवर बोलताना भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची, वन्यजीव आणि माणूस यांच्या संघर्षावर बोलताना २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य हे दाखले परिसरातच आहेत. स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलताना विस्मरण होत नाही, आवाजही आपोआप स्थिरावतो.

ग्रामीण स्पर्धकांना सर्वाधिक धास्ती असते ती बोलीची. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीचा हेल उच्चारात आला म्हणून कोणी हसेल, या भीतीने अनेक गुणी मुले नाव नोंदवतच नाहीत. औपचारिक भाषणात प्रमाणभाषा अपेक्षित असते, हे खरे. परंतु हेल असणे आणि उच्चार अस्पष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुधारायचे ते दुसरे. त्यासाठी रोज दहा मिनिटे वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा आणि घड्याळ लावून एखाद्या श्रोत्यासमोर सराव करावा.

निकालानंतर

पारितोषिके तीन आणि उत्तेजनार्थ एक-दोन. उरलेल्या सर्वांच्या हाती सहभागाचे प्रमाणपत्र येते. पहिल्याच खेपेस रिकाम्या हाताने परतावे लागले तर पालकांनी आणि शिक्षकांनी ‘नंबर का आला नाही’ असे विचारण्याऐवजी ‘काय ऐकलेस’ असे विचारावे. निकालानंतर परीक्षकांना नम्रपणे भेटून आपले उणे विचारल्यास पुढील स्पर्धेची दिशा मिळते.

महाराष्ट्रात व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. विदर्भाने प्राचार्य राम शेवाळकर (१९३१-२००९) यांच्यासारखा वक्ता दिला. ग्रामसभेत प्रश्न विचारताना, मुलाखतीला सामोरे जाताना किंवा कार्यालयात आपले गाऱ्हाणे मांडताना करंडक उपयोगी पडत नाही. चारचौघांत उभे राहून पाच मिनिटांत मुद्देसूद बोलण्याची सवय मात्र तेथे कामी येते, आणि ती पहिल्या स्पर्धेपासूनच लागू लागते.