दारू सुटत का नाही? डोक्यात काय होतं ते समजून घेऊ

तायांनो, बैठकीत हप्त्याचा विषय निघाला की मागोमाग दारूचा निघतोच. "त्यांना घराची काळजीच नाही," असं कुणीतरी म्हणतं. पण काळजी असूनही माणूस पितो. ते कसं, बघू.

साप दिसला की आपण विचार करायच्या आधीच मागं सरकतो. छाती धडधडते. मेंदूत धोक्याची घंटा असते, ती वाजते. साप गेला की थांबते. पण 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं शेतात पाणी घुसलं, पिकं सडली, तसला धोका निघून जात नाही. कर्ज डोळ्यासमोर, घंटा चालूच. झोप उडते, चिडचिड होते.

दारू ही घंटा तेवढ्यापुरती दाबते. "झोप लागावी म्हणून सुरू केली" असं कुणी म्हणालं तर ते खोटंच असेल असं नाही. पण रोज दाबली की मेंदू ती आणखी जोरात वाजवायला लागतो. नशा उतरली की हात थरथरतात, घाम येतो, उगीच भीती वाटते. ती तगमग थांबावी म्हणून माणूस परत पितो. यात मजा कधीच संपलेली असते.

त्यामुळं नुसत्या शपथेवर बऱ्याच जणांचं भागत नाही. मतदान करून गावात बाटली आडवी केली, चांगलंच केलं. पण तगमग होणारा शेजारच्या गावाला जातो. त्याला उपचार लागतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि चहातून गुपचूप औषध देण्याच्या जाहिरातींना भुलू नका, काही औषधांवर दारू प्यायली तर जीव धोक्यात येतो.

पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथं घरच्यांनाही उपचारात धरतात. कारण घंटा तुमच्याही डोक्यात वाजत असते.

टेन्शन आहे म्हणून मार सहन करायचा, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मारहाण झाली तर 112 किंवा 181 ला फोन करा. मनावरच्या ताणासाठी टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. मालक तयार नसले तरी तुम्ही स्वतःसाठी लावू शकता.