कुलाब्याची ओहोटी, विजयदुर्गाची आग

आम्ही वाशीमची माणसे. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पद्मतीर्थ उभे राहते. फार तर पैनगंगेचा पूर. त्यामुळे अलिबागेस प्रथम गेलो तेव्हा ओहोटीत खुशाल चालत कुलाबा किल्ल्यात शिरलो. गणपतीचे दर्शन घेऊन, तटावर रेंगाळून बाहेर येतो तो वाटेवर गुडघाभर पाणी! चपला हातात धरून कसाबसा किनारा गाठला. समुद्रातून येऊन जमिनीवर लढायचे म्हणजे काय, याचा पहिला धडा मला तेथे मिळाला.

शिवाजीमहाराजांना तो पुरता ठाऊक होता. फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ गलबते व तीन मोठी जहाजे घेऊन ते मालवणहून निघाले आणि दूर कानडी मुलखातले बसरूर त्यांनी लुटले. परतताना गोकर्णाहून बहुतेक आरमार माघारी धाडले. बारा गलबते मात्र ठेवली. कशासाठी? तर पुढच्या खाड्या ओलांडून फौज पलीकडे न्यायला!

इंग्रजांना ही विद्या साधायला वेळ लागला. १७२१ साली पोर्तुगीजांना जोडीला घेऊन ते कान्होजी आंग्र्यांच्या याच कुलाब्यावर चालून आले. फौज उतरली, पण बाजीरावाचे घोडदळ मदतीस धावले. पोर्तुगीजांनी परस्पर तह उरकला आणि कमोडोर मॅथ्यूज चरफडत परतला.

पस्तीस वर्षांनी मात्र उलटे घडले, आणि ते लिहिताना हात जड होतो. तुळाजी आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांचा हात धरला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गावर तोफा डागल्या. एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या जहाजावर पडला, आग पसरली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. पेशव्यांची फौज जमिनीवर होती. किल्ला तिच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्ह त्याच रात्री शिपायांसह किनाऱ्यावर उतरला, आणि किल्ल्याच्या व मराठी फौजेच्या मध्ये ठाण मांडून बसला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आतली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

वॉटसनची जहाजे, क्लाइव्हची फौज. हीच जोडी पुढे बंगालच्या उपसागरातून हुगळीत शिरली. २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता पडले. विजयदुर्गाला अजून वर्षही झाले नव्हते.