आग विझली, चिखल उरला

१९९१ च्या जानेवारीत इराकी फौजांनी कुवेतच्या मीना अल अहमदीजवळून खनिज तेल समुद्रात सोडले आणि माघार घेताना सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. जगाच्या स्मरणात राहिली ती आग. शेवटची विहीर त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शमली आणि वार्ताहर माघारी फिरले. ज्वाळांनी केलेली हानी थोडी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु टिकली ती चिखलातली हानी.

समुद्रात सांडलेले तेल साठ लाख पिंपे होते की एक कोटी दहा लाख, यावर एकमत नाही. वाऱ्याने ते दक्षिणेस लोटले आणि सौदी अरबस्तानचा सहाशे किलोमीटरहून अधिक किनारा काळा केला. तेलातील बेंझिनसारखी हलकी द्रव्ये उडून जातात. मागे राहतात ते जड, बहुवलयी हायड्रोकार्बन. त्यांतले काही कर्करोगकारक आहेत. भरतीबरोबर हे तेल खाऱ्या दलदलीत शिरले आणि कुर्ल्यांच्या बिळांतून खोल उतरले. आमच्या खाजनांचे बांध पोखरते म्हणून आपण कुर्लीला नावे ठेवतो. पण चिखलाला श्वास मिळतो तो तिच्याच बिळांतून. तेथे कुर्ल्या मेल्या, उकरणारे कोणी राहिले नाही, हवा खेळेना; आणि तेल फस्त करणाऱ्या जिवाणूंना तर प्राणवायू हवा! २००२-०३ च्या पाहणीत, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी, त्या बिळांत तेल तसेच होते.

कुवेतच्या वाळवंटातही न पेटलेल्या विहिरींच्या तेलाची तळी साचली. पाणी समजून पक्षी त्यांत उतरले आणि मेले.

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने इराककडून वसूल केलेली भरपाई सुमारे ५,२४० कोटी डॉलर. शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत चुकता झाला. यात पर्यावरणाच्या वाट्याला साधारण एक दशांश रक्कम आली. बुडालेल्या व्यापाराची आणि हुकलेल्या तेलविक्रीची मोजदाद सहज होते, कारण त्यांची बिले सादर करता येतात. दलदलीच्या वतीने बिल कोणी मांडायचे? हा हिशेब आम्हास न्याय्य वाटत नाही.

पुढे सौदी अरबस्तानने त्या दलदलीत यंत्रांनी चर खणले, भरतीचे पाणी आत घेतले. कुर्ल्या जे काम फुकट करीत होत्या, त्याला यंत्रे आणि पुष्कळ पैसा लागला. चर खणले तेथे कुर्ल्या हळूहळू परतू लागल्या.