मुखकर्करोगाच्या लवकर निदानासाठी लाळेची चाचणी

तोंडाच्या कर्करोगाचे निदान निश्चित करण्यासाठी संशयित जागेतील पेशींचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, म्हणजेच बायोप्सी, हाच आजही अंतिम मार्ग मानला जातो. मात्र रोग बायोप्सीपर्यंत पोहोचण्याआधीच, केवळ लाळेच्या नमुन्यावरून त्याची चाहूल घेता यावी, यासाठी गेली दोन दशके संशोधन सुरू आहे.

भारताच्या दृष्टीने या संशोधनाला विशेष महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी देशात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जणांचा मृत्यू झाला. जगातील दर तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक रुग्ण भारतीय आहे. तंबाखू, गुटखा, मशेरी, सुपारी आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे होत. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे याच संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले होते. तरीही ती निरुपद्रवी असल्याचा समज अद्याप कायम आहे.

तोंड हा शरीराचा सहज पाहता येणारा भाग असूनही या रोगाचे निदान बहुधा उशिरा होते. आरंभीचा पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही. जखम झालीच, तर ‘तोंड आले आहे’ एवढे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. गाठ लहान असताना उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात; रोग मानेतील ग्रंथींपर्यंत पसरल्यावर मात्र जबड्याचा किंवा जिभेचा भाग काढावा लागूनही जीव वाचण्याची शाश्वती उरत नाही.

लाळेमध्ये ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या अंशात प्रथिने, विकरे, जंतू आणि तोंडाच्या अस्तरातून सतत गळून पडणाऱ्या पेशी असतात. कर्करोगाची गाठ याच अस्तरात वाढत असल्याने तिच्यातील द्रव्येही लाळेत उतरतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००४ मध्ये ३२ रुग्ण व तितक्याच निरोगी व्यक्तींच्या लाळेची तुलना केली. पेशींमधील जनुकीय संदेश वाहून नेणाऱ्या आरएनएचे सात रेणू रुग्णांच्या लाळेत अधिक प्रमाणात आढळले. त्यांच्या एकत्रित आधारे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती ओळखण्यात ९१ टक्के यश मिळाले.

हे आकडे उत्साहवर्धक असले, तरी रुग्णालयातील ज्ञात रुग्ण ओळखणे आणि लाखोंच्या लोकसंख्येतून अज्ञात रुग्ण शोधणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. समजा, १ लाख लोकांमध्ये १०० जणांना हा रोग आहे आणि चाचणी ९० टक्के अचूक आहे. अशी चाचणी ९० रुग्ण शोधील व १० जणांना निरोगी ठरवील. परंतु त्याचबरोबर सुमारे १० हजार निरोगी व्यक्तींनाही ती संशयित ठरवील. या सर्वांना भीतीच्या छायेत बायोप्सीसाठी पाठविणे कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला झेपणारे नाही.

अडचण तेवढीच नाही. वरील सात रेणूंपैकी दोन दाहाशी संबंधित आहेत. हिरड्यांच्या जुनाट आजारातही दाहाचे हे घटक लाळेत वाढतात. आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ज्यांची तपासणी सर्वाधिक गरजेची आहे त्यांच्यातच, हा आजार सर्रास आढळतो. शिवाय लाळेतील विकरे आरएनएचे झपाट्याने विघटन करतात. त्यामुळे नमुना बर्फात ठेवावा लागतो किंवा त्यात संरक्षक द्रव्य मिसळावे लागते. नमुना देण्यापूर्वी काही काळ खाणे-पिणे व धूम्रपान वर्ज्य असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तोंड व घशाच्या कर्करोगासाठीच्या अशाच एका चाचणीला ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. या दर्जामुळे परीक्षणाची प्रक्रिया गतिमान होते. मात्र तो म्हणजे मान्यता नव्हे. वृत्तांमध्ये हा भेद अनेकदा पुसला जातो.

लवकर निदानाने मृत्यू टळतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा भारतातीलच असून तो कोणत्याही यंत्राविना मिळालेला आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा समावेश असलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उजेडात तोंड उघडून तपासण्याची पद्धत अवलंबिली. २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी घटले. राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी याच पद्धतीच्या तपासणीची तरतूद आहे.

लाळेच्या चाचणीला वाव आहे तो या तपासणीच्या जोडीने. सुपारीच्या सेवनाने अस्तर ताठर होऊन ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांच्या गालाचा आतील भाग नीट दिसत नाही. तोंडात चट्टे असलेल्या सर्वांचीच बायोप्सी वारंवार करता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा उद्भवतो आहे काय, हे पाहण्यासाठी रुग्णाला वर्षानुवर्षे दूरच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. अशा मर्यादित गटांमध्ये रोगाची शक्यता मुळातच अधिक असल्याने खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कमी राहते. तूर्त मात्र तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा चट्टा किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. लाळेचा अहवाल निर्दोष आला असला तरीही.