समुद्राचे बियाणे

माजलगावच्या माणसाला समुद्र तसा दूरचाच. आपल्याला पाणी म्हटले की सिंदफणेवरचे धरण आठवते. तरीसुद्धा समुद्रातील मासेमारीबंदीचा प्रश्न आपल्याला चटकन उमगावा, कारण त्याचे मर्म शेतकऱ्याच्या कणगीत आहे. दुष्काळ कितीही कडक पडो, जाणता कुणबी बियाण्याला हात लावीत नाही. ते खाल्ले तर आजची भूक भागेल. पण मृगात पेरायचे काय?

समुद्राचेही बियाणे असते. शेवंडीची मादी आपली अंडी पोटाखाली चिकटवून वागवीत असते. अशी एक मादी जाळ्यात सापडली की तिच्याबरोबर पुढची हजारो पिले जातात. मुंबईच्या समुद्रात नेमके हेच घडले. तेथे वाळूत राहणारी, चपट्या अंगाची शेवंडीची एक जात होती. १९८० च्या सुमारास ती ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर सापडे. तळ खरवडीत जाणाऱ्या या जाळ्यांनी अंडीवाल्या माद्याही बेसुमार उचलल्या, आणि १९९४ पर्यंत ही जात तेथून जवळजवळ नाहीशी झाली. पुढे २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी या शेवंडीचे किमान वजन १५० ग्रॅम ठरवून दिले. नियम चांगलाच, पण मुंबईपुरता तो घोडे पळाल्यावर तबेल्याला घातलेल्या कुलुपासारखा होता.

याच्या उलट उदाहरण केरळातील अष्टमुडी सरोवराचे. तेथील तिसऱ्यांसारखे शिंपले १९९० नंतर झपाट्याने घटू लागले. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हे पैदाशीचे तीन महिने शिंपले काढणे बंद ठेवण्यात आले, आणि लहान शिंपले निसटावेत म्हणून जाळ्याच्या आसाचे मापही ठरले. शिंपले सावरले. २०१४ साली या व्यवसायाला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; भारतातील असे ते पहिलेच.

कधी कधी मात्र ठरलेली बंदी पुरत नाही, तातडीची करावी लागते. अमेरिकेत अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रातील खेकडे पाणी तापल्यामुळे अब्जावधींनी घटले, तेव्हा २०२२ साली तेथील संपूर्ण हंगामच रद्द झाला. दोष जाळ्याचा नव्हता. पण उरलेले बियाणे वाचवायला जाळे थांबवणे एवढेच माणसाच्या हाती होते. दोन हंगाम गेल्यावर २०२४ मध्ये थोडी पकड पुन्हा सुरू झाली.

आपल्या राज्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. त्यानुसार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद असतात. आता खरा प्रश्न येतो : या दिवसांत चूल कशावर पेटायची? केंद्राच्या योजनेत गरीब मच्छीमाराचे स्वतःचे १५०० आणि सरकारचे ३००० रुपये मिळून तीन महिने दरमहा १५०० रुपये हाती येतात. एवढ्यात घर चालते काय?

बीड जिल्ह्यात तरी याचे उत्तर कोणाला शिकवावे लागत नाही. बिनकामाचे महिने म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणारे प्रत्येक घर जाणते. त्या महिन्यांत घेतलेली उचल फेडताना पुढचा हंगाम सरतो. कोळीबांधवालाही बंदीत असाच हात पसरावा लागला, तर बंदी उठताच तो कर्जापायी लहानमोठे न पाहता जाळे टाकील. मग दोन महिने राखलेले बियाणे दोन आठवड्यांत संपेल.

म्हणून बंदी हवी, ती वेळेवर हवी, आणि तिचा भार एकट्या कोळ्याच्या डोक्यावर नको. बियाणे राखायचे तर राखणाऱ्याच्या पोटात अन्न असले पाहिजे. समुद्राची मासळी सगळ्यांनी खायची आणि उपास मात्र एकट्याने करायचा, हा न्याय नव्हे.