होडीचे दिवे बंदी उठायच्या आधी बघून घ्या

मंडळी, 31 जुलैला बंदी संपते. होड्यांची डागडुजी चालूच आहे, तर दिव्यांचंही उरकून घ्या.

मुरगावच्या तोंडावर रात्री जहाजं, बार्जी चालतात. जहाजावरच्याला काळोखात आपली होडी दिसत नाही, दिसतो तो दिवा. तांबडा दिसला तर आपली डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले म्हणजे होडी सरळ त्याच्यावरच येतेय. नुसता पांढरा टॉर्च टांगला तर त्याला काय कळणार?

12 मीटरच्या आतल्या इंजिनवाल्या होडीला डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा आणि त्यांच्याहून निदान 1 मीटर वर, चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा, एवढे पुरतात. रंगीत दिवे 1 सागरी मैलावरून दिसायला हवेत, पांढरा 2 मैलांवरून. खोक्यावर मैल लिहिलेले नसतील तर तो दिवा घेऊच नका. साध्या बल्बावर रंगीत प्लास्टिक चढवणं हा तर पोरखेळ.

7 मीटरच्या आतल्या होडीला एकटा पांढरा चालतो असं काहीजण सांगतात. ते खरं, पण वेग 7 नॉटच्या वर जात नसेल तरच. आपली आउटबोर्ड तेवढ्यावर थांबते का?

जाळी मारून असलात तर वर तांबडा, खाली पांढरा. ट्रॉलर ओढताना वर हिरवा, खाली पांढरा. जाळी निवडायला लावलेला झगझगीत एलईडी मात्र खाली वळवा, त्यात हे सगळे दिवे बुडून जातात.

दिवे बसवल्यावर एका रात्री होडी पाण्यात सोडा आणि जेटीवरून स्वतः बघा.